विमान उतरेपर्यंत

९ ऑक्टोबर २००५, रविवार

ठरलं. पुढच्या जूनमध्ये मोझांबिक, आणि तेही स्वतः विमान चालवत. दक्षिण आफ्रिकेतल्या एका फ्लाइंग क्लबकडून चार जणांचं विमान भाड्यानं घ्यायचं, मापुतोला देशात शिरायचं आणि किनारा धरून उत्तरेला विलांकुलो नावाच्या गावी उतरायचं. चार दिवस राहून परत. आपल्याकडे तेव्हा होड्या वर ओढलेल्या असतात आणि माणसं घरात बसून एकमेकांची उणीदुणी काढत असतात. तिकडे जूनमध्ये कोरडा हिवाळा असतो.

बरोबर जानकी आणि लवू. लवू शेजारीच राहतो. मी बोटीवर इंजिनिअर होतो तेव्हा तो त्याच बोटीवर स्वयंपाकी होता. मोझांबिकच्या बैरा बंदरात हाताएवढी कोळंबी मिळते, एवढ्या एका माहितीवर तो यायला तयार झाला.

निवृत्त झाल्यावर घाटावरच्या क्लबात जाऊन मी विमान शिकलो, परवाना काढला. गावात त्याला म्हातारचळ म्हणतात. जानकी त्याला काहीच म्हणत नाही. ती माझ्या विमानात एकदाही बसलेली नाही. आज बेत सांगितला तेव्हा तिनं एकच विचारलं, इंजिनं किती. एक, मी म्हणालो. नीट राखलेलं एक इंजिन हेळसांड झालेल्या दोन इंजिनांपेक्षा बरं, हेही समजावून सांगितलं.

"बरां," ती म्हणाली.

लग्नाला तीस वर्षं झाली, पण त्यातली अठ्ठावीस मी बोटीवर काढली. त्यामुळे तिच्या 'बरां'चे अर्थ मला अजून नीट लागत नाहीत. होकार धरला आहे.

२४ ऑक्टोबर, सोमवार

लहान विमानाचं सगळं गणित वजनाचं. माणसं, पिशव्या आणि पेट्रोल मिळून एका आकड्याच्या खाली राहायला हवं. म्हणून आज तिघेही भातगिरणीवर जाऊन काट्यावर उभे राहिलो. गिरणीवाल्यानं विचारलं, भात कोणाचं? मी एकोणऐंशी किलो, लवू चौऱ्याण्णव, जानकी एकसष्ट. सोमवार असल्यामुळे जानकीनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, म्हणजे तिचा अर्धा किलो जास्तच धरायला हवा. ती सोमवार करते हे मला ठाऊक नव्हतं. हल्लीच सुरू केलेलं दिसतं. वयाप्रमाणे माणूस देवाकडे वळतो.

आफ्रिकेतल्या क्लबची बाई ईमेलला चटकन उत्तर देते. त्यांचा विमानतळ उंचावर आहे, तिथे हवा विरळ, म्हणून कमाल वजनाच्या बरंच खाली राहा, असं तिचं म्हणणं. विलांकुलोला पेट्रोल मिळेलच याची खात्री नाही, त्यामुळे टाक्या भरलेल्या हव्यात. हे सगळं धरून आम्ही तीस किलो जास्त भरतो. रात्री जेवताना मी म्हणालो, कोणीतरी बारीक व्हायला हवं. लवूनं दुसऱ्यांदा भात घेतला आणि म्हणाला, "माजां वजन ही माजी कमाई आसा. ती मी आफ्रिकेक जाताना घेवन जातलंय."

जानकी हसली.

२० नोव्हेंबर, रविवार

मालवणला सायबर कॅफेत तीन तास बसून नकाशे छापून आणले. जेवणाच्या टेबलावर पसरले तर बांगड्याचं तिखलं ठेवायला जागा उरली नाही. मापुतोच्या पुढे काही ठिकाणी किनारा आत वळतो. तिथे सरळ गेलं तर वेळ वाचतो, पण अर्धा तास खाली पाणीच. तेव्हा अंगावर लाइफ जॅकेट हवीत. जानकीनं विचारलं, इंजिन बंद पडलं तर विमान पाण्यावर तरंगतं का? मी खरं ते सांगितलं. थोडा वेळ तरंगतं, तेवढ्यात दार उघडून बाहेर पडायचं. दार आधीच किंचित उघडून ठेवावं लागतं, नाहीतर पाण्याच्या दाबानं उघडत नाही.

माणसाला घाबरवू नये, पण अंधारातही ठेवू नये असं माझं मत आहे. जानकी नकाशाच्या कडेला हात ठेवून बराच वेळ उभी होती. मग तिनं तिखलं परत चुलीवर ठेवलं, गार झालं होतं म्हणून.

१५ डिसेंबर, गुरुवार

जानकीचा आज उपास. मार्गशीर्षातले गुरुवार बऱ्याच बायका करतात, त्यात आज दत्तजयंती. मला स्वयंपाक वेगळा करते, त्यामुळे गैरसोय काही नाही.

वैद्यकीय तपासणीसाठी मुंबईला जाऊन आलो. रक्तदाब किंचित वर, पण पास. डॉक्टर म्हणाले, घरचं वातावरण चांगलं दिसतं. मी हो म्हटलं.

१९ जानेवारी २००६, गुरुवार

मार्गशीर्ष संपला तरी गुरुवार चालूच. विचारलं तर म्हणाली, "धरलेला एकदम सोडू नये." ठीक आहे.

दोन देशांचे व्हिसा, विमा, मलेरियाच्या गोळ्या, परवाना तिकडे मान्य करून घ्यायचा आणि त्यासाठी नियमांची एक लेखी परीक्षा आणि एक तपासणी उड्डाण. या वयात अभ्यास करायला मजा येते. लवू प्रश्न विचारतो आणि माझं उत्तर बरोबर आहे की चूक हे त्याला कळत नसल्यामुळे प्रत्येक उत्तराला मान हलवतो.

वाटेत अडचण आलीच तर उतरायला काही मातीच्या धावपट्ट्या आहेत. त्यांवर गुरं चरतात. आधी खालून एक फेरी मारून गुरं पळवायची आणि मग उतरायचं, असं क्लबच्या बाईनं लिहिलंय. मी हे गंमत म्हणून वाचून दाखवलं. लवू पोट धरून हसला. त्याला बैलाची बाजू पटली असावी.

२७ फेब्रुवारी, सोमवार

काल महाशिवरात्र. जानकी कुणकेश्वरच्या जत्रेला गेली होती, समुद्राच्या वाऱ्यात उभं राहून रांगेतून दर्शन घेऊन आली. घरी आल्यावर घेरी आली म्हणाली. ऊन फार होतं.

आज गिरणीवर पुन्हा वजनं केली. जानकी छप्पन! पाच किलो कमी म्हणजे जवळजवळ सात लिटर पेट्रोल. मला खरोखर आनंद झाला. ऑक्टोबरातलं माझं बोलणं तिनं मनावर घेतलेलं दिसतं. शनिवारीसुद्धा जेवत नाही, एक कप चहा आणि दोन केळी. या बाईला जूनला यायचंय याची माझ्या मनात जी शंका होती ती आता गेली. तोंडानं बोलत नाही, पण करून दाखवते. रात्री मी तिला तसं म्हणालो. तिनं विचारलं, सात लिटरात कितीसा वेळ उडता? दहा-बारा मिनिटं, मी म्हणालो.

"तितकां तरी झालां," ती म्हणाली.

लवू पंच्याण्णव.

१२ मार्च, रविवार

घाटावर क्लबात जाऊन तीन दिवस सराव करून आलो. दुसऱ्या दिवशी दोन हजार फुटांवर इंजिन अडखळायला लागलं. थरथर, मग बरं, मग पुन्हा थरथर. घाबरलो नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण हात आपोआप ठरलेल्या क्रमानं चालले, वळलो आणि उतरलो. एक प्लग काजळला होता, बाकी काही नाही. साध्या गोष्टी अशाच असतात.

आज दुपारी लवूला सगळं सांगितलं. त्याला रंगवून ऐकायला आवडतं, म्हणून थोडं रंगवलं. जानकी वाढत होती. मध्येच ती आत गेली आणि बाहेर आलीच नाही. आमटी मी स्वतः वाढून घेतली.

२२ मार्च, बुधवार

आज डाळभात! सोमवार, गुरुवार, शनिवार या घरात मासे नसतात, मान्य. पण बुधवार? लहानपणापासून माझ्या आयुष्यात बुधवारी माशांशिवाय जेवण झालं असेल तर ते फक्त कोणी वारल्यावर. जानकीला विचारलं तर म्हणाली नर्मदा आली नाही. नर्मदा आमची मासेवाली, आचऱ्याहून टोपली घेऊन येते. दुपारी ती मला वाटेतच भेटली, टोपलीत सौंदाळे आणि बोंबील. म्हणाली, वैनीनीच सांगितलं, बुधवारी थांबू नको.

लपवलं का, ते कळलं नाही. माशांचा वास सोसत नसेल. उन्हाळा लवकर आलाय.

७ एप्रिल, शुक्रवार

आज शुक्रवारीही डाळभात. मी जरा चिडलो. बायको बारीक होतेय ते विमानासाठी, इथपर्यंत कौतुक. पण नवऱ्याचे मासे का बंद? तुमचे वेगळे करून देते म्हणाली. एकट्यासाठी दोन बांगडे तळलेले खाताना ती समोर पाणी पीत बसते, तेव्हा घास नीट जात नाही. हेही खरं.

विमानात कोणी कुठे बसायचं तेही ठरलं. लवू पुढे माझ्या शेजारी, जानकी मागे पिशव्यांबरोबर. तिला मागून बाहेरचं फारसं दिसणार नाही, पण तोल तसाच साधतो.

१९ एप्रिल, बुधवार

जानकी अंगणात काजूच्या बिया वाळत घालता घालता पडली. मी आत तपासणी उड्डाणाची पुस्तिका वाचत होतो. नर्मदा रस्त्यानं जात होती, तिनं टोपली टाकून तिला उचललं. मी बाहेर आलो तेव्हा जानकीचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि मासे मातीत पडले होते.

मालवणच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्त फार कमी आहे. किती दिवस जेवत नाहीत या? मी म्हणालो, जेवते की. डॉक्टरांनी माझ्याकडे आणि मग तिच्या हाताकडे पाहिलं. मीही पाहिलं. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. त्या केव्हापासून तशा सरकत होत्या, ते मला माहीत नाही. वजन एकावन्न.

नर्मदा बाहेर बाकावर बसली होती. माशांचं नुकसान झालं, मी देतो, असं म्हणालो. ती पैशांचं ऐकूनच घेईना.

"भाऊ, आयतवार नि मंगळवार सोडलो तर त्या बाईच्या पोटात काय जाता तां तुमी कदी बगलात?"

मी आत जाऊन गोळ्यांची चिठ्ठी घेतली.

२० एप्रिल, गुरुवार

आज सकाळी जानकीला विचारलं. माझ्या आवाजात राग होता, कारण डॉक्टरांसमोर लाज गेली होती. तिनं शांतपणे सांगितलं, दुधाचा हिशेब सांगावा तसं. जसं ऐकलं तसंच लिहून ठेवतो.

एक इंजिन आहे म्हणालो, तेव्हा तिनं सोमवार धरला. पाण्यावरून जायचं म्हणालो, तेव्हा गुरुवार. गुरं म्हणालो, तेव्हा शनिवार. घाटावर इंजिन थरथरलं ते ऐकून बुधवार आणि शुक्रवार एकदम. गावच्या रवळनाथाकडे बोलून ठेवलं आहे. पोटभर फक्त मंगळवारी आणि रविवारी.

म्हणजे माझ्यासाठी ती वजन कमी करत नव्हती. मी एकेक धोका सांगत होतो आणि ती एकेक वार देत होती. आणि मी त्याचं पेट्रोल मोजत होतो.

मला लाज वाटली. याला दुसरा शब्द नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुरे होतं. पण मी विचारलं, हे खूळ तुला कधीपासून?

"अठ्ठावीस वर्सां," ती म्हणाली. "तुमी बोट धरल्यात की मी सोमवार धरी. तुमची तार इली की सोडी. तुमी घरात नसायचात, तुमका खंय दिसतले?"

तेव्हा एकच वार आणि आता पाच का, असं मी विचारलं. काही तरी विचारायला हवं होतं म्हणून.

"बोटीक खाली पाणी तरी आसा. ह्येका खाली काय आसा?"

ते सगळे सोमवार मी बोटीवर लवूच्या हातचं मटण खात होतो.

२१ एप्रिल, शुक्रवार

सकाळीच क्लबच्या बाईला रद्द केल्याचं कळवायचं ठरवलं. मालवणच्या कॅफेत जाण्याआधी जानकीला सांगितलं, की झालं, जायचं नाही, आता जेव. तिच्या तोंडावर सुटकेचा भाव येईल असं वाटलं होतं. ती घाबरली.

"रद्द केल्यात तर माजे उपास सुटतले कशे? थंय आफ्रिकेच्या दर्याकडे इमान उतारलां की सोडीन, असां बोललंय मी देवाक. उडलांच नाय तर उतरतलां खंयसून?"

मी तिला समजावलं. ती ऐकत राहिली, मध्ये मध्ये 'बरां' म्हणाली आणि दुपारी जेवली नाही. डॉक्टरांनी दोन वेळा जेवायला सांगितलंय, त्यांनाही तिनं 'बरां' म्हटलं होतं.

आज मला त्या शब्दाचा एक अर्थ कळला.

मालवणला गेलोच नाही.

२५ एप्रिल, मंगळवार

आज तिचा जेवणाचा वार. मी समोर बसून पाहिलं. सवय मोडल्यामुळे अर्धी भाकरी खाऊन हात धुतला.

गेलं तर ती जूनपर्यंत टिकणार नाही, न गेलं तर तिचे उपास जन्मभर सुटणार नाहीत. चार दिवस हेच डोक्यात. अशा पेचातून सुटायचं मी बोटीवर शिकलो ते एवढंच, की वजन कमी करता येत नसेल तर ते हलवावं. लवूला म्हणालो, तिचे वार मी घेतले तर? मला वाटलं तो हसेल. त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, माणसात चालत नाही, पण देवाकडे चालतं की नाही ते गुरवाला विचारावं लागेल.

देवावर माझा विश्वास नाही. पण जानकीचा आहे, आणि भूक तिच्या पोटात आहे.

३० एप्रिल, रविवार

सकाळी रवळनाथाच्या देवळात. जानकी, मी, लवू. गुरवाला आधी सगळं सांगून ठेवलं होतं. त्याला विमानाचं नवल वाटलं नाही. आखातात गेलेल्या मुलांचे नवस तो रोजच सांभाळतो. जानकीनं वाटेत दोनदा म्हटलं, तुम्हाला झेपणार नाही. तिसऱ्यांदा म्हणाली नाही.

गुरवानं देवाच्या पाषाणावर पाण्यानं फुलांचे कळे चिकटवले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा रवळनाथा म्हाराजा, ह्यां जोडपां आज तुज्या पायाकडे इलां हा. बायलेन धरलेले वार घोव आपल्या अंगार घेतंय म्हणता. इमान उतारसर तो ते पाळीत. तुका मान्य आसात तर उजवो कौल दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," लवू म्हणाला.

डावीकडचा कळा ओघळल्यासारखा वाटला आणि तिथेच अडला. घाटावर इंजिन अडखळलं तेव्हा मी तेलाच्या दाबाच्या काट्याकडे जसा पाहत होतो, तसाच त्याच्याकडे पाहत होतो. जानकीनं डोळे मिटले होते. मी मिटले नाहीत. उजवा कळा पडला.

घरी येऊन जानकी जेवली. आजचा रविवार तसाही तिचाच होता. खरं काय ते उद्या.

१ मे, सोमवार

जानकी जेवली. भात, डाळ, भाजी. मी केळी खाल्ली.

दुपारी नर्मदा आली तेव्हा मी ओसरीवर होतो. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण तिला ठाऊक होतं. गाव आहे.

१२ मे, शुक्रवार

भुकेविषयी काही नोंदी. पहिल्या दिवशी ती पोटात असते. तिसऱ्या दिवशी डोक्यात जाते आणि माणूस खेकसायला लागतो. मी लवूवर खेकसलो, क्लबच्या बाईला तुटक ईमेल लिहिली. फणस चिरल्याचा वास तीन घरं पलीकडून येतो. जानकी या अवस्थेत सहा महिने माझा स्वयंपाक करत होती, नकाशे पुसून ठेवत होती, आणि तिनं आवाज चढवल्याचं मला आठवत नाही.

ती आता दोन वेळा जेवते. मासे मात्र खात नाही. मी म्हणालो, कौलात माशांचं काही नव्हतं. ती म्हणाली, "तुमी उपाशी नि मी बांगडो खांव? घशात काटो अडकात."

त्यामुळे बुधवारी अजून डाळभातच. तिला एकटीला.

२९ मे, सोमवार

गिरणीवर गेलो. जानकी चौपन्न, मी त्र्याहत्तर. लवू पंच्याण्णवच. तिघांचं मिळून ऑक्टोबरपेक्षा बारा किलोंनी कमी. गिरणीवाला म्हणाला, तुमच्या घरात वजन या खोलीतून त्या खोलीत जातं.

डॉक्टरांनी जानकीला प्रवासाची परवानगी दिली, गोळ्या चालू ठेवायच्या अटीवर. माझ्याकडे पाहून म्हणाले, तुम्हाला काय झालं? मी म्हटलं, घरचं वातावरण.

रात्री तोलाचं गणित पुन्हा मांडलं. पिशव्या थोड्या पुढे घेतल्या तर लवू मागे बसू शकतो. जानकी पुढे. हे एप्रिलमध्येही जमलं असतं. मी मांडून पाहिलं नव्हतं, एवढंच.

५ जून, सोमवार

पिशव्या भरल्या, उरलेल्या अठरा किलोंचं सामान घरीच ठेवलं. जानकीनं खाज्याचा डबा आत घातला होता, जत्रेतला, गूळ आणि आलं लावलेला. किलोभर तरी असेल. मी काढला. संध्याकाळी पाहतो तर पुन्हा आत. पुन्हा काढला नाही.

सगळं धरून मर्यादेच्या खाली आहोत. डब्यासकट.

१३ जून, मंगळवार

आफ्रिका. नियमांची परीक्षा पास झालो, रविवारी तपासणी उड्डाणही झालं. तपासणारा तरुण होता, त्यानं काही न बोलता सही केली.

आज निघायचं होतं. मंगळवार मी मुद्दाम निवडला होता, पोटभर खाऊन विमान चालवावं म्हणून. पहाटे चार घास खाऊन तयार झालो, तर ढग इतके खाली की धावपट्टीचं टोक दिसेना. दुपारपर्यंत थांबलो. नाही. उद्या.

उद्या बुधवार. लवू म्हणाला, एक दिवस सोड, देवाला इथून दिसत नाही. जानकीनं त्याच्याकडे पाहिलं. मी म्हणालो, नाही. केळी आहेत, शेंगदाणे आहेत, उपाशीपोटी उडणार नाही, पण वार मोडणार नाही. माझ्या तोंडून हे ऐकून लवूला गंमत वाटली. मलाही वाटली.

१४ जून, बुधवार, विलांकुलो

सकाळी लखलखीत. जानकी पुढे बसली, पट्टा मी बांधून दिला. वर जाताना तिनं डोळे मिटले नाहीत. इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून होती, एखाद्या आजारी माणसाच्या श्वासाकडे लावावा तसा.

मापुतोला उतरलो. चाकं टेकली तसं मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. "ह्यां न्हय. हयसून परत उडाचां आसा मां?" बरोबर. कागदांवर शिक्के मारून घेतले, पेट्रोल भरलं आणि निघालो.

मग किनारा. वाळू, माड, शिडाच्या होड्या, खाडीचं हिरवं पाणी. जानकी काचेला नाक लावून खाली बघत होती. मग म्हणाली, "इतको खटाटोप करून आचऱ्याकच इलव काय?" मागून लवू हसला. खाली काजूची झाडंही असतील, एवढ्या उंचीवरून कळत नाही. जिथे किनारा आत वळतो तिथे मी सरळ गेलो नाही, वळणावळणानं गेलो. वेळ लागला तर लागू दे. पेट्रोल होतं.

उतरताना वारा आडवा होता. एक चाक आधी टेकलं, मग दुसरं. धावपट्टीच्या कडेला वळून इंजिन बंद केलं. पंखा थांबला. कोणी दार उघडलं नाही.

जानकीनं हात जोडले, समोरच्या काचेकडेच. "उतारलां, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मागून लवू म्हणाला.

तिनं पायाशी ठेवलेला डबा उघडला आणि खाज्याचा तुकडा माझ्या तोंडात घातला. "खावा आता." गूळ दाताला चिकटला. आलं झोंबलं. मी हात पुढे केला, तिनं आणखी एक दिला. मग स्वतः घेतला, मग लवूला. तिघेही बंद विमानात बसून खाजा खात होतो आणि तिथला माणूस बाहेरून काचेवर टकटक करत होता.

संध्याकाळी किनाऱ्यावर एका झोपडीत जेवायला बसलो. लवूची कोळंबी खरोखर हाताएवढी निघाली. आता वर्षभर तो हे सांगत राहील. मी जानकीला विचारलं, परतीचं काय?

"सोमवार माजो, गुरवार तुमचो," ती म्हणाली. "आमी आता दोगांनी वाटून घेवया."

मग तिनं माझ्या पानातला भाजलेला मासा हातानं सोडवला, काटे बाजूला काढले, अर्धा मला ठेवला आणि अर्धा आपल्या पानात घेतला. आज बुधवार. दोघांनीही मासे खाल्ले.